मौनाचं व्रत : मार्सियाल मासिएल आणि त्याचा धर्मसंघ

कॅथलिक धर्मसंघात शिरणारा माणूस तीन व्रतं घेतो: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. वसईत, गोव्यात, मुंबई-पुण्याच्या मिशनरी शाळांत ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे नवं नाही. काही संघांत त्यावर आणखी एखादं व्रत असतं. जेझुइटांचं चौथं व्रत प्रसिद्ध आहे: पोप जिथे धाडतील तिथे जायचं.

मेक्सिकोत जन्मलेल्या ‘लीजनरीज ऑफ क्राइस्ट’ या धर्मसंघातही जादा व्रतं होती, फक्त ती खाजगी होती. बाहेर त्यांची वाच्यता होत नसे. त्यातल्या एकाचा आशय असा: वरिष्ठांच्या कोणत्याही निर्णयावर किंवा खुद्द त्यांच्यावर बाहेर कधीही टीका करायची नाही, बोलून नाही, लिहून नाही, कशानेच नाही, आणि दुसऱ्या कुणी ती केल्याचं कळलं तर लगेच वर कळवायचं. म्हणजे निंदा करायची नाहीच, पण चहाडी मात्र धर्म म्हणून करायची. दुसरं व्रत पदाची हाव न धरण्याचं होतं. सर्वोच्च पदावर संस्थापक स्वतः बसलेला होता आणि 1956 ते 1959 मधला एक खंड सोडला तर पुढची 60 हून अधिक वर्षं तो तिथून हलला नाही, एवढं लक्षात घेतलं की या दुसऱ्या व्रताचाही अर्थ उमगतो.

या संस्थापकाची, मार्सियाल मासिएलची, गोष्ट एरवी ‘ढोंगी बाबाचं बिंग फुटलं’ या साच्यात सांगितली जाते. बुवाबाजीच्या कथा आपल्याकडे इतक्या आहेत की तो साचा हाताशी तयारच असतो. मला तो अपुरा वाटतो. ढोंग एका माणसाचं असतं, पण ते 65 वर्षं टिकवायला नियमावली लागते. हे प्रकरण मी त्या नियमावलीच्या बाजूने वाचतो आहे. या लेखात मासिएलचा उल्लेख एकेरी आहे, तो मुद्दाम. त्याच्या संघात त्याला ‘नुएस्त्रो पाद्रे’, म्हणजे ‘आमचे पिताजी’, असंच म्हणायची रीत होती. ते आदरार्थी संबोधन हाही यंत्रणेचाच एक खिळा होता.

कोतिहाचा मुलगा

मार्सियाल मासिएल देगोयादोचा जन्म 10 मार्च 1920 चा, मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातल्या कोतिहा गावचा. हे गाव बाहेर ओळखलं जातं ते तिथल्या खारट, भुसभुशीत चीजमुळे. घराणं जमीनजुमला असलेलं आणि कडवं धार्मिक. नात्यात चार बिशप. त्यांपैकी वेराक्रुझचे बिशप राफाएल गिसार यांना 2006 मध्ये संतपद मिळालं. आणखी एक नातेवाईक, हेसुस देगोयादो गिसार, क्रिस्तेरो बंडातले सेनापती.

हे बंड समजून घेतल्याशिवाय पुढचं समजत नाही. 1926 ते 1929 या काळात मेक्सिकोच्या सरकारने चर्चवर कडक निर्बंध आणले. सार्वजनिक मिस्सा (चर्चमधले मुख्य उपासनाविधी) बंद पडल्या, धर्मगुरू भूमिगत झाले, शेतकरी ‘ख्रिस्त राजाचा जय’ म्हणत बंदुका घेऊन उठले. मासिएल तेव्हा सहा ते नऊ वर्षांचा होता. छळ होत असलेलं चर्च, आतले-बाहेरचे शत्रू, गुप्तता म्हणजेच निष्ठा, ही सगळी शब्दावली त्याला घरातूनच मिळाली. पुढे त्याने संघाला नावही लष्करी दिलं.

धर्मगुरू होण्याच्या वाटेवर दोन सेमिनरींनी, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयांनी, त्याला बाहेर काढलं. दुसरी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधली, जेझुइटांची. दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. मासिएलने सेमिनरीत घेत नाहीत म्हटल्यावर स्वतःचीच काढली. 3 जानेवारी 1941 ला मेक्सिको सिटीतल्या एका घराच्या तळघरात 13 मुलांना घेऊन त्याने संघ सुरू केला. तेव्हा तो 20 वर्षांचा होता, धर्मगुरूही नव्हता. दीक्षा त्याला नोव्हेंबर 1944 मध्ये मिळाली, ग्वादालुपेच्या बासिलिकात, नात्यातल्याच एका बिशपच्या हातून.

पुढचा विस्तार थोडक्यात सांगतो, कारण तो वेगाचा आहे, गुंतागुंतीचा नाही. 1946 मध्ये मुलांची तुकडी स्पेनमधल्या कोमियासला गेली, 1950 मध्ये रोममध्ये विद्यालय उभं राहिलं. 1959 मध्ये सामान्य भाविकांसाठी ‘रेग्नुम क्रिस्ती’ ही चळवळ, 1964 मध्ये मेक्सिकोत आनाहुआक विद्यापीठ, 1965 मध्ये पोप पॉल सहावे यांची मान्यता. श्रीमंतांच्या मुलांसाठी उत्तम शाळा काढायच्या, आईबापांकडून देणग्या घ्यायच्या आणि त्या देणग्यांवर पुढची शाळा. मेक्सिकोत लोक त्यांना ‘ख्रिस्ताचे लक्षाधीश’ म्हणू लागले. 2010 च्या सुमारास संघाचे सुमारे 800 धर्मगुरू आणि 2500 च्या आसपास विद्यार्थी होते. युरोप-अमेरिकेत सेमिनरी रिकाम्या पडत असताना व्यवस्थित भांग पाडलेली, काळ्या पोशाखातली तरुण मुलं रांगेने येताना दिसली की रोममधले भले भले हरखून जात.

‘मोठा आशीर्वाद’

ऑक्टोबर 1956 मध्ये व्हॅटिकनने मासिएलला पदावरून दूर केलं. हे अनेकांना ठाऊक नसतं. प्रकरण 1997 मध्ये उजेडात आलं असं सगळे धरून चालतात, पण त्याच्या 41 वर्षं आधी रोमच्या टेबलावर कागद होते. मुख्य तक्रार व्यसनाची होती. वेदनाशामक म्हणून मिळणाऱ्या, मॉर्फिनच्या जातीतल्या एका औषधाची इंजेक्शनं तो घेत असे, आणि ती मिळवायला विद्यार्थ्यांना पिटाळत असे. तक्रार करणारे बाहेरचे शत्रू नव्हते, त्याच्याच घरातले होते.

चौकशी नेमली गेली. चौकशी अधिकाऱ्यांमध्ये कार्मेलाइट संघाचे प्रमुख अनास्तासिओ बालेस्त्रेरो होते, जे पुढे कार्डिनल झाले. एकेका मुलाला खोलीत बोलावलं गेलं. ही मुलं दहाव्या-बाराव्या वर्षी घर सोडून समुद्रापार आलेली. स्पॅनिश सोडून दुसरी भाषा धड येत नाही, आईबाप मेक्सिकोत, पत्रं वरिष्ठांच्या नजरेखालून जाणारी. समोर बसलेला अनोळखी धर्मगुरू विचारतो, तुमचे संस्थापक कसे आहेत? मुलांनी सांगितलं, संत आहेत.

त्यांच्यापैकी काहींनी चाळीस वर्षांनी कबूल केलं की ते खोटं बोलले होते. काही जण व्यसनाबद्दल खोटं बोलले, आणि काही जण त्याहून भयंकर गोष्टीबद्दल गप्प राहिले. मासिएल रात्री आजारी असल्याचं सांगून मुलांना खोलीत बोलवी आणि त्यांचं लैंगिक शोषण करी. मुलगा बावरला तर, हे एका दुखण्यावरचं औषध आहे आणि याला खुद्द पोप पायस बारावे यांची परवानगी आहे, असं सांगे. बारा वर्षांच्या पोराने पोपकडे खातरजमा करायची कुठे?

ऑक्टोबर 1958 मध्ये पोप पायस बारावे वारले. फेब्रुवारी 1959 पर्यंत रोमचे कार्डिनल क्लेमेंते मिकारा यांच्या सहीने मासिएल पुन्हा गादीवर बसला. त्यानंतर जे घडलं ते मला या प्रकरणातलं सर्वांत चलाख पाऊल वाटतं. संघाच्या अंतर्गत इतिहासात या दोन-अडीच वर्षांना नाव मिळालं ‘मोठा आशीर्वाद’. संस्थापकावर खोटे आरोप झाले, त्याने ते ख्रिस्तासारखे मूकपणे सोसले आणि देवाने त्याला निर्दोष ठरवलं, अशी ती कथा. नवा विद्यार्थी आला की त्याला ही कथा सांगायची. म्हणजे पुढे कधी कुणी तक्रार केलीच, तर तिचा अर्थ काय लावायचा हे आधीच पाठ झालेलं असे: पुन्हा छळ सुरू झाला. दोषमुक्तीचं प्रमाणपत्र नसतानाही लस तयार झाली, आणि ती पुढच्या प्रत्येक पिढीला टोचली गेली.

तीन पत्रं

हुआन वाका मिचोआकानचेच. दहाव्या वर्षी संघात आले, बाराव्या वर्षापासून शोषण सुरू झालं असं त्यांनी पुढे सांगितलं. मोठेपणी ते संघाच्या अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख झाले. 1976 मध्ये त्यांनी संघ सोडला आणि मासिएललाच सविस्तर पत्र लिहिलं. त्यात आणखी 20 पीडितांची नावं होती. ते न्यूयॉर्कजवळच्या ज्या धर्मप्रांतात गेले तिथल्या बिशपनी तक्रार रीतसर रोमला पाठवली. 1978 मध्ये नवे पोप, जॉन पॉल दुसरे, आल्यावर ती पुन्हा गेली. 1989 मध्ये तिसऱ्यांदा गेली. कारवाई शून्य.

जॉन पॉल दुसरे यांच्या मनात मासिएलविषयी जागा होती, आणि ती जानेवारी 1979 मधल्या मेक्सिको दौऱ्यापासून होती. चर्चशी औपचारिक संबंध नसलेल्या त्या देशात पोपचं आगमन जुळवून आणण्यात मासिएलचा हात होता. त्यांचे समर्थक असंही स्पष्टीकरण देतात की पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट धर्मगुरूंवर लैंगिक आरोप रचत असे, म्हणून असल्या आरोपांकडे पाहण्याची पोपची नजर संशयी झाली होती. यात तथ्य असेल. पण हे स्पष्टीकरण 1989 नंतर लंगडं पडतं. मासिएलवर आरोप करणारे कुठल्याही राजवटीचे हस्तक नव्हते, तोवर पन्नाशी गाठलेले प्राध्यापक, वकील, माजी धर्मगुरू होते. आणि 1994 मध्ये पोपने जाहीर पत्रात त्याला तरुणांचा प्रभावी मार्गदर्शक म्हणून गौरवलं. ते पत्र वर्तमानपत्रांत पाहून आपण आता गप्प बसायचं नाही असं ठरवल्याचं पीडितांपैकी काहींनी सांगितलं.

23 फेब्रुवारी 1997 ला अमेरिकेतल्या ‘हार्टफर्ड कूरंट’ या दैनिकाने जेसन बेरी आणि जेराल्ड रेनर यांचा शोधवृत्तान्त छापला. नऊ माणसं, 1940 ते 1960 च्या दशकांतल्या घटना, नावानिशी. त्या नवांपैकी एक, आनाहुआक विद्यापीठाचे माजी प्रमुख हुआन मानुएल फर्नांदेस अमेनाबार, 1995 मध्येच वारले होते. मेक्सिकोत ‘कानाल 40’ वाहिनीने हा विषय घेतला तेव्हा जाहिरातदारांनी तिच्याकडे पाठ फिरवली. संघाने हे सगळं कारस्थान ठरवलं. आणि त्याच वर्षअखेरीस मासिएल रोममध्ये अमेरिका खंडातल्या बिशपांच्या धर्मसभेत पोपने नेमलेला सदस्य म्हणून बसला होता. ‘मोठ्या आशीर्वादा’ची लस लागू पडत होती.

एक कलम

1998 च्या ऑक्टोबरमध्ये त्या नवांपैकी होसे बार्बा आणि आर्तुरो हुरादो रोमला गेले आणि वकील मार्था वेगान यांच्यामार्फत त्यांनी व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त मंडळाकडे तक्रार दाखल केली. मंडळाचे प्रमुख होते कार्डिनल जोसेफ रात्सिंगर, म्हणजे 2005 नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे. ही तक्रार ज्या कलमाखाली होती ते पाहण्यासारखं आहे.

मुलांच्या शोषणाचा गुन्हा चर्चच्या कायद्यानुसार कालबाह्य झाला होता. पण त्या कायद्यात एक वेगळा, फार जुना गुन्हा आहे. ज्या व्यक्तीबरोबर धर्मगुरूने लैंगिक पाप केलं, त्याच व्यक्तीची कबुली ऐकून तिला त्या पापाची क्षमा देणं. ही क्षमा मुळातच निष्फळ ठरते आणि तो धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो. त्याची सोडवणूक फक्त रोम करू शकतं. मासिएलने नेमकं हेच केलं होतं. रात्रीच्या प्रकारानंतर सकाळी मुलगा अपराधी भावनेने रडू लागला की त्याला तो स्वतःच पापमुक्त करी, म्हणजे मुलाने ते सांगायला दुसऱ्या धर्मगुरूकडे जायला नको. संस्काराचा हा वापर चर्चच्या दृष्टीने शोषणाहूनही पायाभूत गुन्हा होता, आणि म्हणून वकिलांनी तो धागा पकडला. सामान्य माणसाला हे विचित्र वाटेल की मुलावरच्या अत्याचाराला मुदत असते आणि संस्काराच्या अवमानाला नसते. मलाही वाटतं. पण दार तेवढंच उघडं होतं.

1999 मध्ये तक्रार गुंडाळून ठेवली गेली. त्याच सुमारास मेक्सिकोतले धर्मगुरू आल्बेर्तो अथिए यांनी फर्नांदेस अमेनाबार यांच्या शेवटच्या दिवसांतल्या साक्षीविषयी एक पत्र लिहून बिशप कार्लोस तालावेरा यांच्याकरवी रात्सिंगर यांच्याकडे पोचवलं. अथिए सांगतात की बिशप परतले ते निरोप घेऊन: मासिएल पोपना फार प्रिय आहेत, त्यांनी पुष्कळ चांगलं काम केलं आहे, हे प्रकरण उघडता येणार नाही. अथिए यांनी पुढे धर्मगुरूपद सोडलं.

एप्रिल 2002 मधलं एक छोटं दृश्य चित्रफितीत टिकून आहे. अमेरिकन वार्ताहर ब्रायन रॉस रात्सिंगर यांच्या गाडीजवळ जाऊन मासिएलविषयी विचारतो. रात्सिंगर चिडतात, वेळ येईल तेव्हा या, आत्ता नाही, अशा अर्थाचं काही बोलतात आणि वार्ताहराच्या हातावर चापट मारतात. मला त्या चापटीत निव्वळ उद्दामपणा दिसत नाही. ज्याच्या टेबलावर फाइल आहे आणि ती उघडायची मुभा नाही, अशा माणसाचा चडफडाट त्यात आहे. माझा हा अंदाज कुणी नाकारू शकतो. पण पुढच्या घटना त्याच्या बाजूने आहेत.

दोन पोप, एक आठवडा

नोव्हेंबर 2004 च्या अखेरीस रोममध्ये मासिएलच्या धर्मगुरूपदाची साठ वर्षं साजरी झाली. थकलेले, आजारी जॉन पॉल दुसरे आणि समोर टाळ्यांचा कडकडाट करणारे हजारो तरुण. त्याच आठवड्यात पोपने जेरुसलेममधलं ‘नोत्र दाम’ यात्री केंद्र संघाच्या हाती सोपवलं. आणि त्यानंतर लगोलग, डिसेंबर 2004 च्या सुरुवातीला, रात्सिंगर यांच्या कार्यालयाने पाच वर्षं पडून असलेली फाइल उघडली.

जानेवारी 2005 मध्ये 84 वर्षांच्या मासिएलने पुन्हा प्रमुखपद घ्यायला नकार दिला. आल्वारो कोर्कुएरा त्याच्या जागी आले. माल्टाचे धर्मगुरू चार्ल्स शिक्लूना साक्षी घ्यायला न्यूयॉर्कला आणि मग मेक्सिकोला गेले. 2 एप्रिल 2005 ला न्यूयॉर्कमध्ये ते हुआन वाका यांची साक्ष नोंदवत होते. जॉन पॉल दुसरे वारले ते त्याच दिवशी. पहिल्या पत्रानंतर 29 वर्षांनी कुणीतरी वाकांसमोर वही उघडून बसलं होतं.

19 मे 2006 ला निकाल आला, तो पत्रकाच्या रूपात. वय आणि प्रकृती पाहून खटला चालवला जाणार नाही. मासिएलने सर्व जाहीर सेवाकार्य सोडून प्रार्थना आणि प्रायश्चित्ताचं एकांत जीवन जगावं. आरोप सिद्ध झाले की नाही याविषयी पत्रकात एक शब्दही नव्हता. ही मोठी चूक होती असं माझं मत आहे, कारण ती मोकळी जागा संघाने तत्काळ भरून काढली: आमच्या पिताजींनी ख्रिस्ताप्रमाणे स्वतःचा बचाव न करण्याचं ठरवलं आहे, हा नवा क्रूस आहे. जुनीच लस, नवी मात्रा. 30 जानेवारी 2008 ला मासिएल वारला तेव्हाही तो स्वर्गात गेल्याच्या सुरातच संघाने बातमी दिली. दफन कोतिहात, घराण्याच्या थडग्यात झालं.

खाजगी व्रतं त्याआधीच, 2007 मध्ये, पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी रद्द केली होती. या पावलाचा फारसा गाजावाजा झाला नाही. पण माझ्या मते संघाचा खरा शेवट आणि खरी सुरुवात तिथे आहे. एक वर्ष लोटलं आणि बांध फुटला.

राउल रिव्हास

फेब्रुवारी 2009 मध्ये संघाने कबूल केलं की संस्थापकाला एक मुलगी आहे. मार्च 2010 मध्ये पत्रकार कार्मेन आरिस्तेगी यांच्या रेडिओ कार्यक्रमात मेक्सिकोतली एक स्त्री आणि तिचे मुलगे बोलले. तिच्या लेखी तिचा जोडीदार होता राउल रिव्हास, तेल कंपनीतला नोकरदार, कधी गुप्तहेर, सतत परदेशी जाणारा. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर फोटो पाहून तिला कळलं की राउल म्हणजे फादर मासिएल. मुलग्यांनी सांगितलं की त्यांनाही त्याने सोडलं नव्हतं.

या सगळ्यात एक बारीकशी गोष्ट मला जास्त बोलकी वाटली. संघातले विद्यार्थी वर्षानुवर्षं मासिएलच्या नावावरचं एक प्रार्थनापर पुस्तक भक्तिभावाने वाचत. त्यातला बहुतांश मजकूर लुइस लुसिया या स्पॅनिश राजकारण्याच्या पुस्तकातून उचललेला निघाला. प्रार्थनासुद्धा स्वतःची नव्हती.

पाच बिशपांनी संघाची पाहणी केली. 1 मे 2010 च्या व्हॅटिकनच्या पत्रकाने 2006 ची मोकळी जागा अखेर भरली. मासिएलचं वर्तन अत्यंत गंभीर आणि अनैतिक, काही बाबतीत खरोखरीचे गुन्हे. आयुष्य सदसद्विवेक आणि खऱ्या धर्मभावनेपासून रिकामं. त्याने आपल्याभोवती संबंधांचं असं कवच उभं केलं होतं की बहुतेकांना काही कळलं नाही, आणि ज्यांना शंका आली त्यांना बदनाम करून दूर सारलं गेलं, असंही त्यात होतं. व्हॅटिकनच्या भाषेत एवढी स्पष्टता क्वचित दिसते.

जुलै 2010 मध्ये आर्चबिशप (पुढे कार्डिनल) वेलासिओ दे पाओलिस यांना संघाचा कारभार सोपवला गेला. इथे एक पेच होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने साऱ्या धर्मसंघांना सांगितलं होतं की आपल्या संस्थापकाच्या मूळ प्रेरणेकडे परत जा. फ्रान्सिस्कनांनी फ्रान्सिसकडे जावं, जेझुइटांनी इग्नेशियसकडे. लीजनरीजनी कुठे जावं? धर्मसंघ हा देवाने संस्थापकाला दिलेल्या कृपादानातून उगवतो, अशी चर्चची समजूत. मग असल्या माणसाला कसलं कृपादान? दोन वाटा होत्या: संघ विसर्जित करणं किंवा ती समजूत ताणणं. अनेक पीडितांना आणि काही माजी सदस्यांना पहिली वाट हवी होती. रोमने दुसरी घेतली. कृपादान नव्याने ठरवा, अधिकार वापरण्याची पद्धत बदला, पण शेकडो निर्दोष तरुणांच्या श्रद्धेवर पाणी ओतू नका, असा तो निर्णय होता.

डिसेंबर 2010 मध्ये संघाने काढलेला आदेश वाचताना सरकारी परिपत्रकाची आठवण येते, पण त्यात सारं काही आहे. मासिएलचा एकट्याचा किंवा पोपबरोबरचा फोटो संघाच्या घरांत लावायचा नाही. त्याचा वाढदिवस, नामदिवस, दीक्षादिन पाळायचा नाही. त्याची पुस्तकं, भाषणं विकायची नाहीत. उल्लेख करताना ‘संस्थापक’ किंवा ‘फादर मासिएल’ म्हणायचं. ‘आमचे पिताजी’ गेले. मात्र कुणाला खाजगीत त्याचा फोटो जवळ ठेवायचा असेल तर मुभा. कुणाच्या कपाटात किती फोटो राहिले असतील कोण जाणे.

2014 च्या सुरुवातीला संघाच्या महासभेने माफी मागितली. त्या निवेदनात मुलांचं शोषण, प्रौढ स्त्री-पुरुषांशी अनैतिक वर्तन, अधिकाराचा आणि पैशाचा मनमानी वापर, व्यसनकारक औषधांचा अतिरेक, आणि दुसऱ्याचं लेखन स्वतःचं म्हणून खपवणं, अशी यादी होती. 1956 मध्ये इंजेक्शनांबद्दल तक्रार करणाऱ्यांना 58 वर्षांनी त्यांच्याच संघाने खरं ठरवलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉन पॉल दुसरे संत घोषित झाले.

वारसा

डिसेंबर 2019 मध्ये संघाने स्वतःचा अहवाल प्रसिद्ध केला. 1941 पासून संघाच्या 33 धर्मगुरूंनी 175 अल्पवयीनांचं शोषण केलं. त्यांतले 60 जण खुद्द मासिएलचे बळी. याहून बोलका आकडा दुसरा आहे. 175 पैकी 111 जण हे मासिएलचे, किंवा मासिएलच्या बळींचे, किंवा त्या बळींच्या बळींचे बळी होते. 33 अत्याचाऱ्यांपैकी 14 जण स्वतः संघातच शोषित झालेले होते. गुरूने शिष्याला जे दिलं ते शिष्याने पुढे दिलं. संघाच्या मूळ प्रेरणेविषयी धर्मशास्त्र्यांनी घातलेल्या घोळाचं उत्तर, मला वाटतं, त्या तक्त्यात आहे.

आणि रोमला कधीपासून माहीत होतं? मार्च 2012 मध्ये पोप बेनेडिक्ट मेक्सिकोत असतानाच होसे बार्बा आणि आल्बेर्तो अथिए यांनी, अभ्यासक फर्नांदो गोन्सालेस यांच्यासह, व्हॅटिकनच्या दप्तरातले दोनशेहून अधिक कागद पुस्तकरूपाने लोकांसमोर ठेवले. ते 1940 च्या दशकापर्यंत मागे जातात. त्या दौऱ्यात पोप पीडितांना भेटले नाहीत. 2018 मध्ये धर्मसंघांच्या व्हॅटिकन खात्याचे प्रमुख कार्डिनल जोआंव ब्राझ दे आविझ यांनीच मान्य केलं की 1943 पासूनची कागदपत्रं रोमकडे होती आणि ज्यांनी ती दाबली ती माफियासारखी माणसं होती. 1943 म्हणजे संघ दोन वर्षांचा होता आणि मासिएल अजून धर्मगुरूही झाला नव्हता.

संघ आज चालू आहे. शाळा, विद्यापीठं, सेमिनरी आहेत. नवी घटना 2014 मध्ये मंजूर झाली. पुष्कळ जण सोडून गेले, राहिलेल्यांत प्रामाणिक माणसं आहेत यात मला शंका नाही.

नोव्हेंबर 2004 च्या त्या आठवड्यात मिळालेलं जेरुसलेमचं केंद्र चालवणाऱ्या धर्मगुरूंनी यात्रेकरूंसाठी गालील समुद्राच्या काठी जागा घेतली. 2009 मध्ये पाया खणण्याआधी नियमाप्रमाणे पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं, आणि खाली पहिल्या शतकातलं सभास्थान निघालं. सात फाट्यांची दीपमाळ कोरलेला दगड निघाला, इसवी सन 29 चं नाणं निघालं. मग्दाला, मारिया मग्दालेनाचं गाव. येशू इथे बसून बोलला असेल, असं म्हणण्याइतपत जवळचा पुरावा. पवित्र भूमीच्या यात्रेला निघालेले लोक आता तिथे थांबतात, दगडाभोवती उभे राहून फोटो काढतात. जागा कुणाची हे विचारलं तर संघाचं नाव सांगतात. संस्थापकाचा फोटो, आदेशाप्रमाणे, कुठे नसतो.